दोर वाजायचा थांबला तेव्हा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कृष्णात, गेल्या श्रावणात शिरोलीतल्या आपल्या खोलीत खाटेवर झोपेतच गेले. वय त्रेसष्ट. मातीला कारखान्यातली पन्नाससाठ माणसे आली होती. असा मोल्डर पुन्हा होणार नाही, असे जो तो म्हणत होता. एकाने सांगितले, दाजींनी बांधलेला वाळूचा साचा कधी ढासळला नाही. दुसऱ्याने सांगितले, माणूस आठ तासांत आठ शब्द बोलायचा. सगळे खरे होते. कड्याचे नाव मात्र कोणी काढले नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हते. ठाऊक असलेली माणसे तीन: आक्का, मी, आणि कधीच गेलेला आमचा दादा. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, पण तोवर थांबावे असे वाटेना.

दाजींचा जन्म मलकापूरच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. त्यांचा बाप कड्यांवरची मधाची पोळी उतरवायचा आणि उरलेल्या दिवसांत नाचणी पिकवायचा. दाजी बापाबरोबर दहाव्या वर्षापासून दोरावर. पुढे मधावर पोट भरेना, तेव्हा सेहेचाळीस साली ते कोल्हापुरात आले, उद्यमनगरात एका फौंड्रीत हेल्पर म्हणून लागले, मोल्डर झाले आणि नंतर शिरोली एमआयडीसीत गेले. बुटका, काटक माणूस. हातांचे पंजे मात्र अंगाला न शोभणारे, रुंद. कोपरापासून मनगटापर्यंत वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे उडून पडलेले पांढरे डाग. आमच्या घरी आले की भिंतीला पाठ लावून बसायचे, चहा प्यायचे, ‘बरं हाय’ म्हणायचे आणि उठायचे. आक्काही त्यांच्यासमोर फारशी बोलत नसे. माझी आई म्हणायची, पोरीचा संसार मुक्याने चाललाय.

दर वर्षी वैशाखात मात्र हे दोघे तीन दिवस वाडीला जात. बरोबर आमचा दादा, गणपतराव, जायचा. दादा पेठ वडगावला शेती बघायचा. घरात समजूत अशी की वाडीला दाजींचा कुठला तरी देव आहे आणि त्याला मेव्हण्याचा मान आहे. मी कधी विचारले नाही. थोरल्या भावाला विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. शिवाय मी बी.कॉम. होऊन कोल्हापुरात एका सहकारी संघाच्या कचेरीत लागलो होतो, आणि खेड्यातल्या देवदेवस्कीकडे जरा वरूनच बघत होतो, हेही कबूल केले पाहिजे.

सत्तर सालच्या दिवाळीत दादा गेला. छातीत कळ आली आणि बांधावरच बसला तो बसलाच.

पुढच्या वैशाखात एका सकाळी दाजी माझ्या कचेरीत आले. इतक्या वर्षांत कधी ते माझ्या कचेरीची पायरी चढले नव्हते. टेबलापुढच्या खुर्चीवर टोकाला बसले. मी चहा मागवला. चहा संपवून, बशी पेल्यावर पालथी घालून ते म्हणाले, तीन दिवसांची रजा टाका, वाडीला जायचे आहे, आता दादा नाहीत. एवढेच. मेव्हण्याचा मान आता माझ्याकडे आला, असे मी धरून चाललो आणि अर्ज लिहिला.

कुठेही जायचे तर मी यादी करतो. बॅटरी, टिंक्चर आयोडीन, कापूस, छत्री, दोन टॉवेल, पेन्सिल आणि खिशातली डायरी, असे सगळे पिशवीत भरून मी एस.टी. स्टँडवर गेलो. आक्काने पिशवीत डोकावून पाहिले. देवापुढे कापूस लागतो ते ठीक, पण वैशाखात छत्री कोणाच्या लग्नात धरणार, असे तिने विचारले. दाजींच्या खांद्यावर केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, नव्या दोराचे भले मोठे वेटोळे होते. ते बैलांसाठी वाडीला नेत असावेत, असे मी मनाशी म्हटले.

मलकापूरला उतरून दुसरी गाडी, तिच्यातून उतरून दोन तास चाल. पण वाडीत आम्ही थांबलोच नाही. एका घरातून दाजींनी एक लोखंडी पहार घेतली, पाण्याच्या दोन कळशा भरून घेतल्या आणि आम्ही वर चढू लागलो. मी विचारले, देऊळ वर आहे का. आक्का हसली आणि पदर खोचून पुढे चालू लागली.

आमच्याकडे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाला सडा म्हणतात. पावसाळ्यात त्याच्यावर गवत आणि फुले असतात असे ऐकून होतो. वैशाखात मी जे पाहिले ते वेगळे होते. मैल-दीड मैल नुसता जांभा दगड, तांबडा-काळा, भोके पडलेला, वहाणेतून तळव्याला चटका देणारा. झाड नाही, झुडूप नाही, पाण्याचा टिपूस नाही. वारा एवढा कोरडा की घाम येण्याआधीच वाळून जात होता. आणि पश्चिमेला एके ठिकाणी तो सडा एकदम संपत होता. पुढे काहीच नव्हते. खाली कोकण होते, धुरकट, इतके खाली की तिथली झाडे शेवाळासारखी दिसत होती. मी काठापासून वीस पावलांवर थांबलो, त्यापुढे पाय उचलेना.

देऊळ नव्हते, देवही नव्हता. काठाजवळ एका कपारीत काळी पडलेली तीन दगडांची चूल होती. आक्काने तिच्यात बरोबर आणलेली लाकडे घातली, घोंगडी अंथरली आणि घरी आल्यासारखी पाय पसरून बसली.

तिथे मला पहिला धक्का बसला तो त्या दोघांचा. दाजी बोलत होते. नुसते बोलत नव्हते, कारखान्यातल्या सुपरवायझरची चाल करून दाखवत होते. आक्का तोंड उघडे टाकून हसत होती. तिचे हसणे मी लहानपणानंतर ऐकले नव्हते. पिठले-भाकरीला एकच परात, तिच्यातूनच दोघे जेवले. मग दाजींनी तिला हाक मारली, ‘ताने, मिरची दे की.’ धाकट्या भावासमोर नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारलेली मी आयुष्यात प्रथम ऐकली. मी मान वळवून कोकणाकडे बघत बसलो. चोवीस वर्षे हे दोघे वर्षातले तीन दिवस इथे येऊन असे राहत होते, आणि आम्ही घरी म्हणत होतो, संसार मुका आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दाजींनी मला उठवले. त्यांनी पहार कातळातल्या एका भेगेत ठोकून बसवली होती. काठावर ऐनाच्या लाकडाचा एक जुना ओंडका दगडांमध्ये घट्ट रोवलेला होता, त्याच्या मधोमध दोराने पडलेली खोल खाच होती. दोराचे एक टोक दाजींनी कमरेला आणि मांड्यांतून घेऊन बांधले. पहारीला एक वेढा देऊन दुसरे टोक त्यांनी माझ्या हातात दिले.

मी विचारले, हे काय.

ते म्हणाले, ‘मी खाली उतरनार. साठ हातांवर दगडाचा पाटा हाय. तितं जरा बसनार आन् हातापायानं चढून वर येनार. तुम्ही दोर धरायचा.’

मला वाटले चेष्टा आहे. मी आक्काकडे पाहिले. ती चेष्टा करत नव्हती.

मध आहे का खाली, मी विचारले. नाही म्हणाले. पोळी आता पलीकडच्या कड्याला लागतात. मग देव? तोही नाही. मग कशासाठी, असे मी तीनदा विचारले असेन.   शेवटी ते म्हणाले, वर्षभर भट्टीपुढे वाकून उभा असतो. इथे दगडाला हात लावला की आपल्याला सगळे येते असे वाटते. तेवढेच.

माझ्या शिक्षणात कारणाशिवाय जिवावर उदार होणे बसत नव्हते. मी दोर खाली ठेवला आणि हे काम माझे नाही असे सांगितले. मी कचेरीत बसणारा माणूस. आक्का शेतात राबलेली, माझ्याहून ताकदवान. तिला द्या, नाहीतर वाडीतले चार गडी बोलवा.

तेव्हा दाजींनी मला त्यांच्या घरची रीत सांगितली. दोर फक्त मेव्हण्याने धरायचा. बापाचा दोर दाजींच्या मामाने धरला, आजाचा त्याच्या मेव्हण्याने. गडी कंटाळेल, भाऊ वाटणीचा विचार करील, पण मेव्हण्याला आपल्या बहिणीचे कुंकू दिसत असते. त्याचा हात सुटत नाही. बायकोने दोराला शिवायचेसुद्धा नाही. तिने काठाकडे पाठ करून बसायचे आणि माणूस वर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि एका दोराने दोनदा उतरायचे नाही. म्हणून दर वर्षी ते नवा दोर वळायचे.

‘दादा?’ मी विचारले.

‘चोवीस वर्सं,’ दाजी म्हणाले. ‘एक डाव सोडून.’

 माझा दादा, जो पाऊस आला तरी बांधावरून धावत नसे, वर्षातून एकदा इथे उभा राहून माणसाचा जीव हातात धरत होता, आणि परत येऊन मला उसाच्या तोडणीच्या गोष्टी सांगत होता.

दाजी रागावले नाहीत. म्हणाले, पावणं, मन नसेल तर राहू द्या. आणि ते सुपारी कातरत बसले. आक्काने मला बाजूला नेले. तिचा आवाज मी इतका खालच्या पट्टीत कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, जो डाव सोडून म्हणाले ना, त्या वर्षी दादाला टायफॉइड झाला होता. तेव्हाही हे आलेच. दोराशिवाय उतरले. ती इथेच पाठ करून बसली होती, आणि ऐकायला काहीच नव्हते.

‘तू न्हाई म्हनालास तर आज तसंच हुईल,’ ती म्हणाली. ‘मी अडवत न्हाई त्यास्नी. अडवलं की भट्टीपुढं मरतील. तुला धरता येतंय का एवढंच सांग.’

मी दोर उचलला.

पण मला नियम हवे होते. अंदाजाने काम करायची मला सवय नाही. खालचा माणूस दिसणार नाही, मग दोर कधी सोडायचा आणि कधी ओढायचा हे मला कसे कळावे? दाजी म्हणाले, हाताला कळते, दादांना कधी सांगावे लागले नाही. मी हट्ट धरला. शेवटी ठरले: एक हिसका म्हणजे सैल सोडा, दोन हिसके म्हणजे ओढून घ्या, तीन म्हणजे थांबा. खूण आल्याशिवाय मी काही करायचे नाही. मी ते डायरीत लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले.

‘सही कुटं करू?’ दाजींनी विचारले.

आक्का हसली, आणि हसतच पहारीशेजारी काठाकडे पाठ करून बसली. तिचे हसणे तिथेच थांबले.

दाजी काठावरून मागे झुकले, आणि मग तिथे कोणी नव्हते.

उतरणे सुरळीत झाले. एक हिसका येई, मी वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजावा एवढा, दोर सोडी. ओंडक्याच्या खाचेतून दोर जाताना कुर्रर्र असा आवाज होई. माझे खांदे भरून आले, हात ओले झाले, पण पहारीच्या वेढ्यामुळे भार पेलत होता. मग तीन हिसके आले. थांबलो. आवाजही थांबला.

‘बसले पाट्यावर,’ आक्का म्हणाली. शब्द न काढण्याची रीत तिने तिथेच मोडली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. तुला कसे कळले, मी विचारले. दोर जसा वाजतो त्यावरून कळते, ती म्हणाली. पाठ करून बसल्यावर दुसरे करायचे काय? दादा दम खातोय, हे उतरताहेत, बसले, निघाले, सगळे ओंडका सांगतो. पाट्याच्या वर कड्याचे एक पोट पुढे आलेले आहे, त्याला हे बाक म्हणतात. त्या बाकाखाली सगळ्यांत अवघड. तिने तो बाक कधी पाहिला नव्हता.

पंधरा-वीस मिनिटांनी दोन हिसके आले. मी दोर ओढून घेतला आणि थांबलो. पुन्हा दोन. पुन्हा ओढला. दाजी हातापायांनी चढत होते, मी फक्त दोराचा सैलपणा गोळा करत होतो. दोन, ओढा. दोन, ओढा. पायाशी दोराची वेटोळी वाढत होती. हे जमते आहे असे वाटून मला जरा धीर आला. बरे वाटू लागले होते, असेच म्हणा ना.

मग खुणा थांबल्या.

मी घट्ट धरून उभा राहिलो. डायरीत लिहिल्याप्रमाणे खूण आल्याशिवाय मी काही करणार नव्हतो. माणूस दम खात असेल. ऊन वर आले होते, कातळ तापू लागला होता. हातातला दोर जागचा हलत नव्हता, म्हणजे सगळे स्थिर आहे असा मी अर्थ घेतला.

‘दोर वाजंना,’ आक्का म्हणाली.

मी म्हणालो, खूण आलेली नाही.

‘जोती, दोर का वाजंना?’

‘खूण आली की ओढतो. तसं ठरलंय.’

ती बसल्या जागी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. ‘खून कशानं देतील? बाकाखाली दोनी हात दगडाला लागत्यात. वर सरकत असतील ते. दोर खाली लोंबत असंल, येड्या.’

मला ते कळले, आणि कळूनही माझे हात हलले नाहीत. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण गेली अठरा वर्षे ते मी कोणाला सांगितलेले नाही. मी दुसऱ्या खुणेची वाट बघत होतो.

आक्का उठली. तिने लुगड्याचा काठ मांडीत खोचला, माझ्या पुढ्यात येऊन दोर दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. दोर आला. सहज आला, विहिरीतून रिकामी दोरी यावी तसा. तिने पुन्हा ओढला, पुन्हा आला. एक वाव, दोन वाव, तीन. एवढा दोर त्या माणसाच्या पायाखाली मोकळा लोंबत होता आणि मी त्याला घट्ट धरून उभा होतो. चौथ्या वावेला ती पहारीला टाच लावून मागे झुकली, आणि त्याच क्षणी दोराला झटका बसला.

तो झटका कसा होता हे मला नीट सांगता येणार नाही. मी गुडघ्यावर आपटलो. दोर तळहातांतून वीतभर गेला आणि जाताना कातडे घेऊन गेला. पहार वाजली. आक्का बसली, अक्षरशः दोरावर बसली, आणि तिने तोंडातून आवाज काढला नाही. ओंडका करकरला आणि गप्प झाला. खालून एक दगड सुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग फार खालून पुन्हा तोच.

आम्ही दोघे बहीणभाऊ त्या दोराला चिकटून बसलो होतो. तिची पाठ माझ्या छातीला लागली होती आणि तिच्या काळजाचे ठोके मला कळत होते. मी मनात म्हणत होतो, दोर ताठ आहे, म्हणजे माणूस आहे. ताठ आहे, म्हणजे आहे. तीन वावा आधी हा झटका बसता तर तो दोर तुटला असता की माझे हात सुटले असते, एवढाच प्रश्न होता. दाजींचा शेवट दोन्हीकडून एकच.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग दोन हिसके आले. अगदी ठरल्याप्रमाणे दोन.

या खेपेला दोर आक्काने ओढला, मी तिच्यामागून. खुणेची वाट पाहिली नाही. ओंडका सारखा वाजत राहिला. आधी काठावर एक रुंद पंजा दिसला, मग दुसरा, मग दाजींचे डोके. गुडघा सोलून निघाला होता, कपाळावर खोक होती. ते काठावर पालथे पडून राहिले. मग मान वर करून त्यांनी दोराकडे पाहिले, दोरावरून आक्काच्या हातांकडे. तिच्या तळव्यांतून रक्त येत होते.

पडल्याची भीती त्यांच्या तोंडावर नव्हती. भीती दिसली ती आता, तिचे हात पाहून.

‘तू हात लावलास?’ ते म्हणाले.

‘लावला.’

‘कशापायी लावलास? सुटला असता म्हंजी?’

‘सुटला न्हाई.’

‘सुटला असता तर, ताने?’ ते उठून बसले. त्यांचा आवाज फाटला होता. ‘जल्मभर हाताकडं बगत बसली असतीस. त्याच्यासाटनं बायकूला लांब ठिवत्यात. मेव्हण्याचं कुंकूबिंकू वरचं बोलनं हाय. माणूस गेला तर बायकूच्या हातनं जाऊ ने, एवढंच हाय त्यात.’

 आक्काने माझ्याकडे बोट केले.

‘आन् ह्याच्या हातनं गेला असता ते चाललं असतं? दादाच्या हातनं चाललं असतं?’

दाजींनी माझ्याकडे पाहिले. बापजाद्यांनी तीन पिढ्या पाळलेल्या रीतीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होते.   मी पिशवीतून टिंक्चर आणि कापूस काढला आणि आक्काचे हात धुतले. टिंक्चर लागल्यावर ती म्हणाली, तुझ्या यादीत एवढी एक गोष्ट कामाची निघाली. पण हसले कोणीच नाही. मग तिने माझे हात पुढे ओढले आणि त्यांना टिंक्चर लावले.

तेव्हा मला दादा आठवला. दर वैशाखात वाडीहून आला की दोन दिवस तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरायचा. बोटे अर्धवट मिटलेली, नीट उघडायची नाहीत. आई म्हणायची, नांगर धरून धरून झाले असेल. वैशाखात कुठला नांगर एवढा धरतात, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. आक्काने मग सांगितले, इथे येण्याच्या आदल्या दिवशी दादाला अन्न जात नसे. ‘एकदाबी न्हाई म्हनाला न्हाई,’ ती म्हणाली. ‘तेच्या डोक्यात काय चालायचं ते मी पाठ करून ऐकलंय. दोर थरथरायचा तेचा.’

तिसरा दिवस आम्ही राहिलो नाही. दुपारीच उतरलो. वाडीत पहार परत दिली. दोर मात्र रीतीप्रमाणे गोठ्यात टाकायचा, तो आक्काने टाकू दिला नाही. खांद्यावर घेऊन ती एस.टी.त बसली. कोल्हापूर येईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, पण तो नेहमीचा मुकेपणा नव्हता.

पुढच्या वर्षी चैत्र सरला तसा मी मनाने तयार होऊ लागलो. नको वाटत होते, भीती वाटत होती, रात्री हात घट्ट मिटलेले असत. तरी मी ठरवले होते की जायचे, आणि या वेळी डायरी घ्यायची नाही. वैशाख लागला. मी कचेरीच्या दाराकडे बघत बसे. दाजी आले नाहीत. अर्धा वैशाख गेला तेव्हा एका रविवारी मीच शिरोलीला गेलो. खोलीला कुलूप होते. शेजारच्या चिमणाबाईंनी सांगितले, दोघेही काल वाडीला गेले. बरोबर कोण, मी विचारले. कोणी नाही, दोघेच, त्या म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर दोर आणि तुमच्या बहिणीच्या डोक्यावर गाठोडे, तीर्थाला निघाल्यासारखे.

 ती दोघे दोराशिवाय गेलेली नाहीत, एवढेच एक समाधान. मग दोर कोणाच्या हातात? मी मलकापूरची गाडी पकडायला स्टँडवर गेलो आणि परत आलो. जाऊन करणार काय होतो? माझी तिथे गरज असती तर मला बोलावले असते. ते दोन दिवस मी कचेरीत कागदावरून कागद सरकवत काढले, आणि शिपायाने दारात कोणी आल्याची वर्दी दिली की उभा राहत होतो.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा शिरोलीला गेलो. दार उघडे होते. दाजी भिंतीला पाठ लावून बसले होते, धड, कुठे खरचटलेलेसुद्धा नाही. मला पाहून म्हणाले, ‘बरं हाय.’  मला का नेले नाही, हे विचारायचे होते, पण तोंडातून आले ते वेगळेच. कसा झाला चढ, मी विचारले.

‘तिला इचारा,’ ते म्हणाले.

आक्का स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून माझा चहा घेऊन आली, मग स्वतःचा घेऊन माझ्यासमोर बसली.

‘औंदा एकदाबी थांबला न्हाई,’ ती म्हणाली. ‘खालपासनं वरपतोर वाजत हुता.’

आणि तिने पेला दोन्ही हातांनी उचलला. बोटे अर्धवट मिटलेली होती.